कढईमागच्या बाईंच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा फलाफल-शवर्माचे दुकान, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे; घरच्यांचा त्यावर विश्वास नाही, तो भाग वेगळा. कोणाचा दबाव नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःबद्दल बरेच खोटे लिहिले होते.

१. राहते घर मुलाला व सुनेला, बँकेतील ठेवी मुलीला. भांडू नये. मला सगळ्यांनी सारखेच सोसले आहे.

२. शवर्मा कापायचा लांब सुरा साडूला. उद्घाटनाच्या दिवशी त्याने माझे फलाफल रुमालात गुंडाळून दारातल्या कुंडीत पुरले. मी पाहिले. त्याचे बरोबर होते, म्हणूनच तेवीस वर्षे राग गेला नाही.

३. दुकान, गाळा व भांडीकुंडी दुकानातली कढई सांभाळणाऱ्या बाईंना. मुलाला गाळा विकायचा आहे, म्हणून कारण लिहितो.

फलाफलची ही विद्या अरब मुलखात राहून शिकलो, असे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. मी तिकडे पाऊलही टाकलेले नाही. मासिकातले चित्र पाहून दुकान काढले. काबुली चणे शिजवून वाटायचो, त्यामुळे गोळे तेलात पडताच फुटायचे. दुसऱ्याच आठवड्यात बाई जेवायला आल्या. त्या तिकडच्याच, घरदार सोडून इथे आलेल्या आणि मराठी शिकलेल्या. एक घास खाऊन सरळ आत शिरल्या.

"हे कोणी केलं?"

"मी."

"बरं. कुणाला सांगू नका."

त्यांनी बाह्या सरसावल्या, कच्चे चणे भिजत घातले आणि तेव्हापासून कढई सोडली नाही. मी पुढे बसून कौतुक गोळा केले. वर्तमानपत्रात फोटो आला; झारा त्यांचा, चेहरा माझा. बाईंनी कात्रण पाहिले. "उलटा धरलाय," एवढेच म्हणाल्या. तेव्हा मी हसलो होतो. आता ते आठवले की मान वर होत नाही.

४. हा मसुदा आज बाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ हात पुसत राहिल्या.

"मेल्यावरचं मेल्यावर बघू, मालक. उद्या सकाळी आत या. वाटण शिकवते."

"आता या वयात?"

"म्हणून तर उद्याच."

मी जाणार आहे. त्याने वरील कलमांत काही बदल होत नाही.

आम्हा दोघांसमोर मालकांनी वाचून सही केली:
साक्षीदार १: शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर (सही)

लिहून देणार: दुकानाचा मालक (सही)
ठिकाण: दुकानातले खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १२ मार्च २०२४, मंगळवार