कर्नलने उचललेली सोवळी पानं

राजापेठ, अमरावती
मंगळवार, जेवण न झालेली दुपार

चि. केदार यास मोरोपंतमामाचे आशीर्वाद.

तू ठणठणीत असशील असं धरून चालतो, कारण पुण्यात तुला त्रास द्यायला आहे कोण? इथे तुझ्या मामीचा गुडघा दुखतो आणि माझं डोकं. गुडघ्याला निदान तेल चोळता येतं. (पत्र हातानं लिहितो आहे. कॉम्प्युटर सध्या कुणाचंच ऐकून नाही राहिला. मामी याचा फोटो काढून मोबाइलवर पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिला विचार.)

विषय तुझ्या त्या कर्नलचा आहे. (‘मी कर्नलवर काम करतो’ असं तू म्हणालास तेव्हा मामीने पार भातकुलीपर्यंत भाचा फौजेत लागल्याची बातमी पोचवली होती. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसलेला कारभारी, हे कळेस्तोवर पेढे वाटून झाले होते.) दिवाळीत तू आलास आणि छातीठोकपणे सांगून गेलास, की एका घरात दोन कॉम्प्युटर कशाला, एकच दमदार घ्या, वर श्याममामाची शिकवणी आणि खाली तुमच्या पोथ्या, दोघांना पुरून उरेल. पुरून उरला बरं! मला पुरलं आणि श्यामकडे उरला.

अरे, अकरा वर्षं खपून मी घराण्यातल्या पोथ्या एकेक पान करून टाइप केल्या. चौदा हजार पानं, प्रत्येक पानाची वेगळी फाईल. मागच्या महिन्यात अकोल्याच्या शालिकरामजींची वास्तुशांत व्हिडिओवरून सांगत होतो. संकल्पापर्यंत सुरळीत. पुढचं पान उघडायला गेलो तर पडद्यावर नुसतं गोल चक्र. बिचारे पळीभर पाणी हातावर घेऊन सात मिनिटं बसून राहिले. ‘गुरुजी, सोडू का पाणी?’ ‘थांबा हो, कर्नल पान देऊन नाही राहिला!’ त्यांचे व्याही सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, तेही शेजारीच बसले होते. ते उठून गेले. आता पुढच्या महिन्यात त्यांच्याकडच्या मुंजीला मला बोलावतात का, देव जाणे.

तेव्हा मी तुला फोन केला आणि तू जे ज्ञान दिलंस त्याने मी अजून पेटलो आहे. तू म्हणालास, उघडलेल्या फायली कर्नल मेमरीत हाताशी ठेवतो, म्हणजे पुन्हा मागितल्या की पटकन देता येतात. जागा कमी पडली की त्यातल्या काही काढून घेतो, आणि अगदी समान न्यायाने, प्रत्येकाच्या नगांचा दहावा हिस्सा. वा रे न्याय! माझी चौदा हजार पानं, त्यातली चौदाशे गेली. श्यामचे रेल्वेच्या डब्यांएवढे आठ व्हिडिओ, आठाचा दहावा हिस्सा एकही भरत नाही, म्हणून त्याचं काहीच घ्यायचं नाही! पंगतीत दोन पोळ्या खाणाऱ्याचं पान उचलायचं आणि परातभर जिलेबी घेऊन बसलेल्याला म्हणायचं, सावकाश होऊ द्या. हे तुम्ही शिकलेसवरलेले लोक लिहिता आणि त्याचा पगार घेता.

त्याहून मोठा अनर्थ पुढेच. आधी कुणाला काढतात, असं विचारलं तर तू म्हणालास, स्वच्छ पानांना. जे पान डिस्कवर जसंच्या तसं आहे ते स्वच्छ, ते टाकलं तरी परत आणता येतं. ज्यात काही बदल झाला आणि डिस्कवर उतरवायचा राहिला ते मळकं, आणि ते उतरवल्याशिवाय टाकता येत नाही. म्हणजे सोवळं आधी बाहेर आणि ओवळं मांडी ठोकून आत! चार पिढ्या सोवळं पाळलेल्या घरात, केदार, तू माझ्या बहिणीचा मुलगा असून हे मला सांगतोस? फोन ठेवल्यावर मी आंघोळ केली.

आता खरी गोष्ट. गुरुवारी श्यामच्या चाळीस पोरांचा सराव पेपर होता, कॉम्प्युटरवरच. साडेदहाला सगळं बंद पडलं. श्याम तडतडत खाली आला. (एरवी इंग्रजीतून शिकवतो, चिडला की अस्सल वऱ्हाडी.) ‘दादा, तुमच्या पोथ्यांनं माह्या पोराईचा पेपर बुडवला! काहून सारी मेमरी अडवून बसले?’ मीही काही कमी नाही. तुझे आठ रेडे आधी बाहेर काढ, म्हणालो, नाहीतर कर वाटणी. वाटणी हा शब्द तोंडातून निघून गेला, केदार. कॉम्प्युटरची म्हणायची होती, पण वाटणी ती वाटणीच. त्याने बडनेरा रोडवर हॉल पाहिला आहे. येत्या रविवारी बिऱ्हाडासकट हलतो म्हणतो. पाच दिवस झाले, ताट वर घेऊन जातो. तेहतीस वर्षं आम्ही दोघं एकाच वेळी जेवायला बसलो. मला घास जात नाही, स्पष्टच लिहितो.

तेव्हा त्या कर्नलला शिस्त लाव. नग मोजू नये, वजन मोजावं. ज्याच्याकडे मुळातच थोडं आहे त्याच्या पानाला हात लावू नये, आणि आठाचा दहावा हिस्सा शून्य होत असेल तर ते पुढच्या खेपेस धरून वसूल करावं. इतकं साधं तुम्हाला सुचू नये याचं आश्चर्य वाटतं.

संताप संपलेला नाही, कागद संपला आहे.

तुझा,
मोरोपंतमामा

ता. क. पाठीमागची बाजू कोरी सापडली. एक बारीकशी गोष्ट राहिली. तू म्हणालास ना, की मळकं पान टाकता येत नाही? मी म्हटलं, आपद्धर्म म्हणून आपली पानं ओवळी करावीत. सगळ्या फायलींत एकदम बदल करायची युक्ती तूच शिकवली होतीस, ऱ्हस्वदीर्घ सुधारायला. ठरल्या वेळी आपोआप काम करून घ्यायचीही, एकादशीच्या आठवणीला. दोन्ही जोडून बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी अशी सोय केली, की दर पाच मिनिटांनी चौदाही हजार पानांच्या शेवटी एक ‘श्री’ वाढावा. म्हणजे पान पुन्हा स्वच्छ व्हायलाच नको. गुरुवारपासून कॉम्प्युटर दुसरं काही करतच नाही, नुसता श्री लिहून राहिला आहे. थांबवायचं कसं ते तू शिकवलं नव्हतंस.

ता. क. (दुसरा, आणि हा मामीला वाचू न देता चिकटवला आहे, फोटो मीच काढतो.) श्यामला यातलं काही ठाऊक नाही. रविवारच्या आत त्याला फोन कर आणि सांग, की पेपर कर्नलने बुडवला, दादाचा काही संबंध नाही. तू त्या कर्नलचंच मीठ खातोस, कळतं मला. पण आळ आला तर त्याचं काय जातं? त्याला श्यामच्या शेजारी जेवायला बसायचं नाही. मला बसायचं आहे.