टाकीच्या तोंडावरचा माणूस

सान जोर्दानो बंदर
१४ ऑक्टोबर

प्रिय लिव्हियो,

आहेस ना जिवंत? फोन तू उचलत नाहीस, तेव्हा शेवटी कागद घेऊन बसले. तुझ्या डोंगरात थंडी सुरू झाली असेल. मधमाश्यांना पांघरूण घातलंस का? स्वतःला घातलं नसशीलच. आमच्याकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, बोरा वारा सुटलाय आणि जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. म्हणजे तू हेल्मेट पाण्यात भिरकावून निघून गेलास तेव्हा होतं तसंच.

नाही, तसंच कसलं! गोदी तर तू ओळखणार नाहीस. ब्रेसानुत्तींनी तिसरी गोदी बांधायला काढलीय. ज्यांचा आजा आपल्या आजोबांच्या शेजारी बसून मासेमारीच्या होड्यांना डांबर फासायचा, त्यांच्या आता नॉर्वेत दोन गोद्या आणि रोमानियात एक. पुढची दहा वर्षं पुरतील इतकी जहाजं आधीच विकून बसलेत म्हणे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, आठवतं? आता नुसतं जहाज दिसतं. मजल्यावर मजला चढतोय. सकाळी पडदा सारला की वाटतं, रात्रीत ते जरा जवळ सरकलंय. हसू नकोस.

माणसंही वाढलीत, पण ती कंपनीची नव्हेत. कंत्राटदाराची, आणि त्या कंत्राटदाराने नेमलेल्या दुसऱ्या कंत्राटदाराची. त्यांना आमच्या खानावळीत जेवण नाही. भिंतीच्या आडोशाला डबे उघडून बसतात बिचारे. तुझा भाचा देनिसही तसल्याच एका कंत्राटात आहे, टाक्यांच्या वेल्डिंगवर. कंपनीत कायम होईल तो सुदिन.

आता मोठी बातमी. खुर्चीत नीट बस. मला मद्रीना केलंय! होय, तुझ्या बहिणीला, खानावळीतल्या निवेसला. मे महिन्यात जहाज पाण्यात सोडतील तेव्हा त्याची मानलेली आई मी. दोरी मी कापायची, बाटली फुटायची, पाद्रीबाबा पाणी शिंपडणार. माझा जन्म गेला या गोदीला वाढण्यात, त्याचा मान म्हणून. तू म्हणशील, फुकटात गुंडाळलं बाईला. म्हण. मी निळा कोट शिवायला टाकलाय.

हो, एक वाईट झालं. गेल्या महिन्यात या जहाजाच्या टाकीत एक बांगलादेशी मुलगा गेला. मोकसेद नाव. वेल्डिंगचा वायू आत साठला होता. त्याला ना वास, ना रंग. माणूस उतरतो, दोन श्वास घेतो आणि आडवा होतो. देनिसच्याच टोळीतला होता. दोघं एका डब्यात जेवायचे, तो याला हिरव्या मिरच्या खायला लावायचा आणि हा डोळ्यांतून पाणी काढत हसायचा. तेव्हापासून देनिस बोलत नाही. जाकीट चढवून बाल्कनीत उभा राहतो, जहाजाकडे बघत.

तुझं तो ऐकतो, लहानपणापासून. दोन ओळी लिही त्याला. सांग की झालं ते झालं, नको तिथे नको ते बोलू नये. काय बोलू नये ते मला विचारू नकोस.

मोठी बहीण म्हणून आशीर्वाद देते, घ्यायचे तर घे.
निवेस


९ फेब्रुवारी

लिव्हियो,

चार महिन्यांनी उत्तर, आणि तेही एवढंच: "त्याला माझ्याकडे पाठव." वा रे वा! कागद महाग झालाय का तुमच्या डोंगरात? पाठवू म्हणजे काय, पार्सल आहे का ते? इथे त्याचं आयुष्य आहे. तिथे काय करेल, माश्या हाकेल?

रागाने लिहिलं. तसंच राहू दे, खोडत नाही.

तुला सांगायला हवं. मागच्या पत्रात मी आडून आडून बोलले, पण तू गोदीत काम केलेला माणूस, तुला वास आलाच असणार. टाकीत एक जण उतरला की दुसऱ्याने तोंडाशी बसायचं. हलायचं नाही, आतल्याला हाका मारत राहायचं. त्या दिवशी मोकसेदच्या टाकीच्या तोंडाशी आपला देनिस होता.

आणि सिल्वानोने त्याला उठवलं. सिल्वानो म्हणजे त्यांचा मुकादम, माझ्याच हातचं सूप पिऊन गुबगुबीत झालेला. पाईप हलवायला माणूस कमी पडत होता. देनिस म्हणाला, आत मोकसेद आहे. सिल्वानो म्हणाला, "तो काय पळून जातोय? ये लवकर." देनिस गेला. परत आला, हाक मारली, उत्तर नाही. मग तो स्वतःच आत उडी घेत होता, दोघांनी पट्ट्याला धरून मागे ओढला म्हणून वाचला. हे त्याने मला नाताळच्या आदल्या दिवशी सांगितलं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. एवढा मोठा घोडा, पण लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "आई, मी चौकशीवाल्यांना सगळं सांगणार. माझं जे व्हायचं ते होऊ दे."

मी त्याला उठवून जेवायला वाढलं.

नवीन वर्षाच्या आठवड्यात सिल्वानो घरी आला. हातात मिठाईचा पुडा. देनिस बाहेर गेला होता, ते बघूनच आला असणार. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सिन्योरा निवेस, तुमचा पोरगा मनाचा फार चांगला. पण जागा सोडली कोणी? त्याने. मी बोलावलं असं तो म्हणेल, मी म्हणेन नाही बोलावलं. मग आत कोण जाईल?"

मी म्हटलं, "लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण गेलेला काही परत येत नाही. आता एकाच्या मागे दुसऱ्याची माती कशाला करायची? एवढंच म्हणू द्या त्याला, की मोकसेद त्याची वाट न बघता, न सांगता एकटाच उतरला. सरळ गोष्ट आहे. तिसऱ्या गोदीसाठी कायम माणसं घेतायत. नाव मी वर दिलंय." मग उठताना म्हणाला, "तुमचं नावही मीच दिलं होतं, मद्रीनासाठी. सप्टेंबरातच."

सप्टेंबरात! ऐकलंस ना? मोकसेदला घरी पाठवायची पेटीसुद्धा अजून बंद झाली नव्हती. आणि मी निळा कोट शिवत बसले.

त्याला तिथेच हाकलायला हवं होतं. नाही हाकललं. कॉफी केली त्याच्यासाठी.

महिनाभर मी देनिसच्या मागे लागले. तुरुंग म्हणजे काय ते सांगितलं. बाप नसलेल्या पोराला मी कसं वाढवलं ते सांगितलं. रडले, जेवायची नाही म्हणाले, सगळी नाटकं केली. शेवटी म्हणाले, तू आत गेलास तर मी बाल्कनीतून उडी मारीन. सोमवारी त्याने चौकशीवाल्यांना सिल्वानोने सांगितलं तसं सांगितलं. घरी येऊन म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं." येत्या पहिल्या तारखेपासून तो कंपनीत कायम होतोय.

मोकसेदची बायको रुमा इथेच राहते, पलीकडच्या जिन्याला. काल दाराशी आली. मला वाटलं भांडायला आली. तर म्हणाली, "सिन्योरा, तुमचा देनिस तिथे होता ना? त्याने शेवटचं काही ऐकलं का? माझ्या सासूला सांगायचंय." किती साधं विचारलं तिने. मी म्हटलं, "नाही गं, तो तिथे नव्हताच." तिने मान हलवली आणि मलाच म्हणाली, वारा फार आहे, दार लावून घ्या.

माझी मला किळस आली, लिव्हियो. तरीसुद्धा सांगते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करेन. मुलगा माझा आहे. तुला पोरं नाहीत, तुला नाही कळायचं.

हे शेवटचं वाक्य मनावर घेऊ नकोस.

निवेस


३० मे

लिव्हियो, माझ्या भावा,

कालच्या शुक्रवारी जहाज पाण्यात सोडलं. हो, शुक्रवारीच. आपल्या आईने ऐकलं असतं तर दारातच बसकण मारली असती. शुक्रवारी न् मंगळवारी आपल्यात कोणी लग्न लावत नाही की गलबत सोडत नाही. पण मोठ्या ब्रेसानुत्तींना त्याच दिवशी सवड होती. म्हातारे रिटायर कामगार कुंपणाशी उभे राहून अपशकुन टळावा म्हणून खिशात लोखंडाला हात लावत होते.

मी कोट घातला. मंचावर गेले. शिकवलेले शब्द म्हटले, की मी तुझं नाव ठेवते, तुझ्यावर आणि तुझ्यात काम करणाऱ्या सगळ्यांवर देवाची कृपा असो. दोरी कापली. बाटली पहिल्याच फटक्यात फुटली, भोंगे वाजले, टाळ्या पडल्या. मला वाटत होतं, फुटणार नाही. खरं सांगू, मनातून म्हणत होते, फुटू नये. पण काही झालं नाही रे. सगळं कसं छान झालं. ब्रेसानुत्तींनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं. रुमा तिथे नव्हती. ती मार्चमध्येच गेली, कुठे ते कोणाला ठाऊक नाही.

देनिस पहिल्या रांगेत होता, नवं पांढरं हेल्मेट घालून. तुला सांगायचं राहिलं. तिसरी गोदी सुरू झाली, माणसं कमी पडायला लागली, सिल्वानोला वर चढवलं आणि त्याच्या जागी टोळीचा मुकादम म्हणून देनिसला नेमलं. लोक अभिनंदन करतात मला. पुढच्या जहाजाचा तळ टाकून झालाय. काम दिवसरात्र चालू आहे, कालच्या सोहळ्याच्या वेळीही पलीकडे ठिणग्या उडत होत्या.

आज दुपारी जेवायला बसलो. मी मक्याच्या पिठाचा पोलेंता केला होता. तो छान गप्पा मारत होता, बऱ्याच महिन्यांनी. मी खूश. वाढता वाढता सहज विचारलं, "काम कसं काय?"

म्हणाला, "वेळेच्या मागे आहे. काल पाईप उचलायला माणूस नव्हता, मग टाकीच्या तोंडावरच्याला उठवला."

मी भांडं खाली ठेवलं. "आत कोणी होतं?"

"होता एक."

"देनिस!"

"अगं आई, जरा वेळासाठीच. काही झालं का? नाही ना?"

"कोण होता आत?"

"नवा आहे कोणीतरी. नाव कशाला लक्षात ठेवायचं? दर आठवड्याला बदलतात." आणि पावाचा तुकडा तोडून त्याने ताटली पुसून घेतली.

मी म्हटलं, "मोकसेदचं नाव विसरलास?" त्यावर तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "तूच सांगितलंस ना, तो न सांगता उतरला म्हणून." मग माझ्या खांद्यावर थोपटून कामावर गेला.

मी पुन्हा त्याच टेबलापाशी येऊन बसलेय. पोराला वाचवलं, पोराला वाचवलं, असं म्हणत होते मी. कुठला पोरगा? जो टाकीत उडी घ्यायला निघाला होता त्याला तर मीच संपवलं, रडून आणि उपाशी राहायच्या धमक्या देऊन. हा दुसराच कोणीतरी माझ्या घरी जेवतोय. उद्या आत जो उतरेल त्याची आईही कुठेतरी जेवण वाढत असेल, आणि तोंडाशी कोणी असेल की नाही हे माझ्या मुलाच्या हातात आहे. मला भीती वाटते, लिव्हियो. त्याची वाटते. माझ्या मुलाची मला भीती वाटते.

आता तुझ्याकडे पाठवलं तरी तो यायचा नाही. तूच ये. चौकशीवाल्यांचं ऑफिस जुन्या बाजाराच्या वर आहे. मी तिथे जाऊन देनिस खोटं बोलला आणि मी बोलायला लावलं, हे सांगायचं ठरवलंय. सांगितलं तर तो आत जाईल आणि पुन्हा कधी मला आई म्हणणार नाही. नाही सांगितलं तर काय होईल ते मला खिडकीतून दिसतंच आहे. दोनदा त्या जिन्याच्या पायरीपर्यंत जाऊन आलेय, एकदा मार्चमध्ये आणि एकदा आज. दोन्ही वेळा मासळी घेऊन परत आले.

एकटीने माझ्याच्याने होणार नाही. तू गोदीला शिव्या देत गेलास तेव्हा मी तुला पळपुटा म्हटलं होतं, बाबांच्या देखत. त्या शब्दासाठी तुला काय हवं ते ऐकव, वाटेत ऐकव, पण ये. मला दंडाला धरून तो जिना चढव. मी पाय मागे घेतला तर सोडू नकोस.

उशीर करू नकोस. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी ते आणखी एक टाकी वरून बंद करतायत; मग आत उतरणाऱ्याला तेवढं एकच तोंड.

देनिसची आई,
निवेस