अधिवेशनात आलेलं पाकीट

१३ जानेवारी
दुपारी बारा वाजता सभापतीचा हातोडा पडला. अधिवेशन सुरू! ते संपेपर्यंत एकाही आमदाराने दमडीची देणगी घ्यायची नाही — माझाच कायदा, यंदा पहिल्यांदा लागू. म्हणून काल संध्याकाळी हॉटेलात झुंबड. विमावाले, दारूवाले, सगळे पाकिटं घेऊन उभे. किळस आली. मीही तीन घेतली.

१५ जानेवारी
ऑर्व्हल स्टेनबर्गचं पाकीट आलं. आमच्या गावचा म्हातारा न्हावी. बाबांची शेवटची दाढी त्यानेच केली, शवपेटीत ठेवण्याआधी. माझ्या पहिल्या निवडणुकीची पहिली देणगी त्याची — वीस डॉलर. तेव्हापासून दर नववर्षाला वीसचा चेक येतो. यंदा उशीर झाला.
ऑफिस सांभाळणारी पॅट्रिस म्हणाली, "मॅडम, फोडू?" म्हटलं, नको. आहे तसं परत पाठव, 'अधिवेशनात देणगी घेता येत नाही' ही छापील चिठ्ठी लावून. "अहो, वीस डॉलरनं काय आभाळ कोसळतंय?" कायदा माझा, तर पहिला चटका मलाच बसू दे, म्हटलं. ती कौतुकाने बघत राहिली.

१८ जानेवारी
पेपरात आलं. 'वीस डॉलरही नाकारणारी आमदार.' पॅट्रिसचंच काम!

३ फेब्रुवारी
ऑर्व्हलचे दोन फोन येऊन गेले. मी समितीत होते. नंतर करते.

२० फेब्रुवारी
केला नाही.
आज मतदान झालं. खर्चकपातीत आमच्या गावचा सरकारी वृद्धाश्रम बंद. एका मताने. ते मत माझं. गेल्या वर्षी माझा कायदा पुढे सरकावा म्हणून सभापतीला शब्द दिला होता — यंदा तू सांगशील तिथे एक मत. त्याने हे मागितलं.
ऑर्व्हलची बायको आयनेझ तिथेच असते. स्वतःचं नाव विसरली आहे. तो रोज दुपारी जाऊन तिला सूप भरवतो, केस विंचरतो. आता तिला दीडशे मैलांवर नेतील. त्याला गाडी चालवता येत नाही आता. जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
ऑर्व्हल गेला. आयनेझला हलवल्याला अकरा दिवस झाले होते. झोपेतच गेला.
त्याच्या मुलीचा, डोनाचा फोन होता. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मार्लीन असं होऊ देणार नाही. पाकीट परत आलं तेव्हा मी चिडले, तर मलाच म्हणाले — पोरी, चूक माझी. तिला वाटलं असेल, आत चेक आहे. कायदा म्हणजे कायदा."
मी फोनवर रडले. ती माझी समजूत काढत बसली.

१० एप्रिल
वृद्धाश्रमाचं नाव कपातीच्या यादीत आहे, हे मला डिसेंबरपासून माहीत होतं. आणि ते पाकीट परत देण्याआधी मी खिडकीच्या उजेडाला धरून पाहिलं होतं. आत चेक नव्हता, हाताने लिहिलेलं पत्र होतं.