एका माणसाची वजावट

४ नोव्हेंबर २०२४, कवठे महांकाळ
कोरेगावची रुक्सार आजपासून नोकरदार! जिथं प्यायला टँकर येतो तिथं मी समुद्र कालवणार. टाकीत मोजून मीठ टाकायचं आणि समुद्रासाठी बनवलेले सेन्सर त्यात बुडवून तपासायचे. सेन्सरच्या टोकाला रंगाचा ठिपका असतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याची चमक बदलते आणि यंत्र आकडा दाखवतं. टाकी बेदाण्याच्या जुन्या कोल्ड स्टोरेजच्या एका खोलीत आहे. दार लावलं की हवासुद्धा आत शिरत नाही. मी आत बसले की माझ्या श्वासानं आकडा मिनिटाला बारानं चढतो, तेवढा वहीत वजा करायचा. मालक ऋषिराज सर सांगलीला असतात. इथं मी आणि झाडलोटीच्या सुलाबाई. त्यांनी बजावलं, "चपला भाईर काढत जा गं पोरी. चपला दिसल्या न्हाईत तर मी कडी घालती." बेदाणेवाल्यांची जुनी रीत म्हणे.

८ नोव्हेंबर
दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. अम्मीचा फोन दोन मिनिटांत आटोपतो. आज आकडा चोवीसनं चढत होता. सेन्सर बदलला, तरी तेच. म्हणजे दोघांचा श्वास! हसूच आलं.

१२ नोव्हेंबर
रोज चोवीस. मी बाहेर गेले की चढणं बंद. भीती वाटायला हवी, पण खरं सांगू? बरं वाटतं. डबा उघडताना आज 'या जेवायला' म्हणाले. आकडा क्षणभर मंदावला, कुणी कान देऊन ऐकावं तसा.

१६ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
फरशी गार होती म्हणून चपला घालूनच आत आले. सुलाबाईंनी बाहेरून कडी घातली. मोबाईलला रेंज नाही. दार बडवून हात सुजले. त्या आता सोमवारी येणार. हिशेब केला: एकटीला हवा पुरेल. दोघांना नाही.

संध्याकाळ
चोवीसच. सोबत हवी होती ना, घे आता. त्याला हात जोडून म्हणाले, जा बाबा—

रविवार
डोकं ठणकतंय. अक्षरं हलतात—

नंतर
बारा! आकडा बारानंच चढतोय. गेलं ते. मी एकटी. एकटी असणं इतकं गोड—

खात्री करायला श्वास रोखला. आकडा थांबायला हवा.
चढतोय.
सेन्सर पाण्याबाहेर काढला, ठिपक्यावर तोंड धरून श्वास जोरात सोडला— फरक नाही— पुन्हा— अम्मी, हे बारा माझे न—