खांबाभोवतीची चीर

१४ नोव्हेंबर

प्रिय आई,

इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. तब्येत छान आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

सध्या आमच्याच कचेरीची इमारत तपासतोय. तिला तुळया नाहीत, स्लॅब थेट खांबांवर टेकलाय. काँक्रीटची ताकद आपल्याकडे चौकोनी ठोकळा दाबून ठरवतात, इथे परदेशात नळकांड्यासारखा. चौकोनीचा आकडा मोठा येतो, आणि जुन्या डिझायनरने तोच इथल्या सूत्रात घातलाय, म्हणजे स्लॅब कागदावर आहे त्यापेक्षा मजबूत दिसतो.

काल वरच्या मजल्यावरचा गालिचा उचलला. खांबाभोवती अर्ध्या बांगडीसारखी चीर होती. टोकांना पेन्सिलीने खुणा केल्या. आज सगळे घरी गेल्यावर पाहिलं, तर बांगडी पुरी झाली होती. दिवसभर कुणाला कसलाही आवाज आला नव्हता. असा स्लॅब आधी वाकून सांगत नाही, एकदम खाली येतो.

साहेबांना फोन केला. हसून म्हणाले, "अहो, इतकी वर्षं उभी आहे, आता तुमच्या गणिताने पडेल होय?" गणित पुन्हा मांडलं. माझंच चुकलं असतं तर बरं झालं असतं.

काळजी करू नकोस, माझं टेबल दाराजवळ आहे. हे लिहिताना लाज वाटली, कारण त्या चिरेच्या बरोबर खालीच हिशेबखात्यातल्या बायका बसतात.

तुझा,
धाकटा

उद्या: सगळ्यांच्या आधी पोचून दार अडवणे.