मुंगीला अधिकारी व्हायचंय

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. (वाकून केलेला समजावा; गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला आहे.) तुमची प्रकृती कशी आहे ते नीट कळवा, "बरी आहे" एवढ्यावर भागवू नका. दादाचं मीठ बंद केलंत का? केलं नसेल तर हे पत्र खाली ठेवा, मिठाची बरणी त्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा आणि मग पुढे वाचा. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मोरीतला नळ गळतो, यांची कंबर दुखते, आणि मुंगीला सैन्यात अधिकारी व्हायचं आहे.

हे तिनं एका संध्याकाळी जेवताना जाहीर केलं. यांनी पेला पुढे केला आणि म्हणाले, "अर्धाच भर." कुठल्याही संकटात यांचं पहिलं वाक्य असंच असतं. मी मात्र मनात गणित मांडलं. एकुलती एक मुलगी, नुकती इंजिनियर झालेली. लहानपणी एवढीशी होती म्हणून मुंगी, आता स्टुलावर न चढता पंखा पुसते. ती गेली की घरात उरणार मी, हे आणि तो नळ. जाऊ द्यायची नाही, हे माझं तिथल्या तिथे ठरलं. पण मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून जन्म काढल्यावर मला एक पक्कं ठाऊक आहे, की मुलीला "नको" म्हटलं की ती कुंपणावरून उडी मारते. त्यापेक्षा तिच्याबरोबर जावं आणि प्रश्न विचारावेत. भल्या भल्या सहली मी नुसत्या प्रश्नांनी रद्द करवल्या आहेत. शिवाय आमच्या माहेरची, म्हणजे तुमच्या सासरची, रीत आहेच: तीन दुकानं फिरल्याशिवाय चाळणीसुद्धा घ्यायची नाही. (दादा तुम्हाला बघायला आला तेव्हा तुम्ही तिसऱ्या होतात, हे आता सांगायला हरकत नाही.)

भरती कार्यालय चपलांच्या दुकानाच्या वर आहे. एकाच खोलीत तीन टेबलं: जमीन, पाणी आणि हवा. भिंतीवरच्या चित्रांतली सगळी मुलं कुठेतरी लांब बघत होती. समोर बघणारं एकही नव्हतं. हवेच्या टेबलावर "जेवायला गेलो आहे" अशी पाटी होती आणि आम्ही निघालो तरी तो गृहस्थ जेवतच होता. पाण्याच्या टेबलावरच्या तरुणाच्या शर्टाला अशी इस्त्री होती की हात लावला तर बोट कापेल. त्यानं जग फिरवून आणायचं आश्वासन दिलं. मी त्याला सांगितलं, आमची मुलगी झोपाळ्यावर बसली तरी ओकते. त्यानं आपलं माहितीपत्रक मुकाट्यानं परत घेतलं.

राहिले जमिनीवाले. त्या टेबलावरच्या गृहस्थांना आम्ही घरात "मिशा" म्हणतो, कारण प्रथम त्याच दिसतात. मिशा म्हणाले, "या मावशी, बसा. ताईंचं काम झालंच समजा." मी विचारलं, एका न्हाणीघरामागे मुली किती? फाटक किती वाजता बंद होतं? ताप आला तर घरी कोण कळवतं? मिशांनी कुठेतरी फोन लावला, मग दुसरीकडे लावला, मग रुमालानं कपाळ पुसलं. माझं काम छान चाललं होतं. पण मुंगी मधेच म्हणाली, "मला अधिकारी व्हायचंय, त्याचं सांगा." तर मिशा म्हणाले, आधी शिपाई म्हणून आत या, मग वर चढा, शिडी आतच आहे. वहिनी, हे मी कापडवाल्यांकडून जन्मभर ऐकलंय. हवा तो रंग दुकानात नसला की म्हणतात, हाच न्या बाई, धुतल्यावर तसाच होईल.

त्यानंतर मिशांचे रोज फोन. यांची आणि त्यांची कंबरेवरून मैत्री जमली (दोघांचाही मणका तोच). शेवटी एका रविवारी ते घरीच आले. दोन कप चहा झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "खरं सांगू का मावशी? अधिकारी म्हणजे वेगळंच पाणी लागतं. ताई साध्या आहेत, हळू बोलतात. शिपायांत सुखानं राहतील."

आता बघा. मुंगीनं जाऊ नये हे मी म्हणू शकते, मी तिची आई आहे. तिला जमणार नाही, हे म्हणणारा हा कोण? मी कपबशी काढून घेतली (चहा अजून होता) आणि वसतिगृहातल्या आवाजात विचारलं, "अधिकारी निवडतं कोण? तुम्ही?" त्यावर त्या मिशा हळूहळू खाली आल्या. अधिकाऱ्यांची निवड त्यांच्याकडे नसतेच म्हणे. ते कार्यालय त्याच इमारतीत मागच्या जिन्यानं वर आहे, आणि तिकडे पाठवलेलं माणूस मिशांच्या खात्यावर धरत नाहीत, म्हणून तो जिना ते कोणाला दाखवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीच मुंगीला हाताला धरून त्या जिन्यानं वर नेलं. गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका. वर एक बाई अधिकारी होत्या, माझ्या निम्म्या वयाच्या. मला "आपण बाहेर बसा" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर दार लावणारं माणूस मी प्रथमच पाहिलं. वाईट याचं वाटलं की मला त्या आवडल्या. आतून मुंगीचा आवाज येत होता, हळू पण न थांबणारा. मधेच स्पष्ट ऐकू आलं, "हे मला लेखी मिळेल का?" बऱ्याच वेळानं दार उघडलं तेव्हा त्या बाईंनी कपाळ पुसायला रुमाल काढलेला होता. मला म्हणाल्या, "हिला तुम्ही तयार केलंत वाटतं?" मी म्हटलं, "छे, मी तिला थांबवायला आले होते."

पुढे परीक्षा, मुलाखती, धावणं, सगळं पार पडलं. पुढच्या महिन्यात ती प्रशिक्षणाला जाते आहे. मी पूर्णपणे शांत आहे. दादाला नमस्कार.

आपली नणंद

ता. क. मी रडले असं यांनी फोनवर सांगितलं असेल तर तो नळाचा आवाज होता.

ता. क. २. प्रशिक्षण केंद्र तुमच्याच गावचं, तुमच्या घरासमोरचं आहे. तुमची ती पुढची खोली सध्या रिकामीच असेल. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी हवापालट सांगितला आहे (म्हणजे मी त्यांना सांगितलं, ते "बरं" म्हणाले). वर्षभर पुरेल. तिकिटं काढली आहेत.

ता. क. ३. मुंगीला यातलं अक्षरही कळू देऊ नका. "आई, तू फाटकापाशी येऊन उभी राहणार नाहीस" असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं आहे आणि मी दिलेला शब्द मोडत नाही. मी खिडकीत बसून राहीन. तेवढं कळवा, तिथून फाटक दिसतं ना?