शेवंतीच्या दारांची मंद झिलई

मी, अनंत बाबाजी चारी, वय बहात्तर, धंदा सुतारकी व पॉलिश, राहणार साखळी, गोवा, डोके जागेवर असताना, कुणाच्याही भिडेला न पडता माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. याआधीचे मृत्युपत्र रागाच्या भरात लिहिले होते. ते रद्द समजावे.

१. आम्हाला मूलबाळ नाही. घराचा अर्धा भाग कायद्यानेच पत्नी शेवंती हिचा आहे, त्यात माझे उपकार नाहीत. माझा अर्धा भाग आणि पोस्टातली शिल्लकही तिलाच.

२. रंधे, पटाश्या, करवती माझ्याकडे वीस वर्षे राबलेल्या सगुणला द्याव्यात. सुर्ला गावी सुतारकी करणारा माझा धाकटा भाऊ रघुनाथ याला खिळासुद्धा देऊ नये. त्याच्याकडे सगळे माझ्यापेक्षा चांगलेच असते.

३. आता दारांविषयी. रघुनाथच्या नव्या घरी शेवंती म्हणाली, "हें दार कशें डोळ्यांक थंड लागता!" माझी दारे आरशासारखी चकाकत. माझा जळफळाट झाला. घरी येऊन सगळ्या दारे-चौकटी खरवडल्या, गडद रंग चढवला आणि कमी चकाकीच्या व्हार्निशचा डबा आणला. जन्मभर लाखेचे पॉलिश केलेला माणूस मी. लाखेत वरचे निवळ घ्यायचे, तळाचा गाळ टाकायचा. तसेच केले. दार पूर्वीपेक्षा जास्त चकाकले! दुकानदाराशी भांडून आलो, तर रघुनाथ दारात उभा. म्हणाला, "दादा, डबो तळासावन ढवळूंक जाय. मंदपण सगळें थंयच बसता." चकाकी घालवणारी भुकटी तळाशी बसते, तीच मी गाळ समजून टाकली होती.

शेवंती खळखळून हसली. चाळीस वर्षांत मी तिला तसे हसवले नव्हते. मी रघुनाथला हाकलले आणि दारे-चौकटी पुन्हा खरवडल्या. सहा वर्षे त्या तशाच कोऱ्या आहेत, पावसाळ्यात फुगतात. त्या दिवसापासून शेवंतीने माझ्यासमोर कुठल्याच लाकडाचे कौतुक केलेले नाही, माझ्या हातच्या लाकडाचेसुद्धा नाही.

४. माझे दिवसकार्य उरकल्यावर, कोरड्या हवेत, दारे-चौकटींना तसल्याच व्हार्निशचा नवा डबा आणून तीन हात द्यावे, दर दोन हातांच्या मध्ये पॉलिश पेपर मारून. डबा तळापासून ढवळावा. काम रघुनाथनेच करावे. दुसऱ्या कुणाचा हात तिथे मला चालणार नाही.

५. काम आवडले तर शेवंतीने त्याला तोंडावर सांगावे. ऐकायला मी नसेन याचे मला बरे वाटते, आणि तितकेच वाईटही वाटते.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

अनंत बाबाजी चारी

साक्षीदार : बाबली गावकर, शेजारी
दत्ताराम परब, निवृत्त शिक्षक

साखळी, ता. १४ नोव्हेंबर १९९८